शेडचा पक्षी

हणमंत माळवदेने पहिला घाव काचेवर घातला.

रविवारची सकाळ होती. इंदूआक्का कोथमिरेंच्या चिकनच्या दुकानासमोर रांग रस्त्यापर्यंत आली होती. मी रिक्षातून उतरून धावले तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर पोचला होता. हातातला कोयता त्याने लपवला नव्हता, तरी कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. चिकनच्या दुकानात कोयत्याकडे कोण बघतं? मी त्याला नावाने हाक मारली. रांगेतल्या लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात काच फुटली. आत टांगलेल्या सोललेल्या कोंबड्यांवर तुकडे उडाले.

"काय रं ए!" आक्का ओरडल्या. "सकाळच्या पारीच पिऊन आलास काय?"

उत्तरादाखल त्याने पिंजऱ्यावर घाव घातला. जाळी फाटली आणि पक्षी बाहेर उधळले. एक पक्षी त्या घावातच तुटला होता. त्याचं धड जाळीत अडकून पंख मारत राहिलं आणि रक्ताचे शिंतोडे रांगेतल्या पहिल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर उडाले. लोक पळाले, पण लांब गेले नाहीत. समोरच्या सायकलच्या दुकानापाशी थांबून त्यांनी मोबाइल वर धरले.

"माझी भन मराय लागलीया," हणमंत म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तुझ्या चिकननं."

"कोण तुझी भन? मी वळखत बी न्हाय तुला."

"पेपरात आलंय. ह्या मॅडमनी तुझ्याकडनं चिकन नेऊन तपासलंय. औषधानं न मरणारं जंतू निघाल्यात त्यात. त्येच तिच्या रक्तात हाईत."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्या वेळी तिथल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते आणि दुपारनंतर एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करत होते. खानापूर-आटपाडीच्या बाजूचं तालुक्याचं गाव. विक्रीच्या चिकनमध्ये कोणते जंतू असतात आणि त्यांतले किती औषधांना दाद देत नाहीत, हा माझ्या अभ्यासाचा विषय होता. गावातल्या सगळ्याच दुकानांतून मी नमुने घ्यायचे, पण आक्कांचं दुकान बसस्टँडच्या तोंडाशी, त्यामुळे बर्फाची निळी पेटी घेऊन उभी असलेली मी सगळ्या गावाला तिथेच दिसायचे. "मॅडम खात बी न्हाईत आणि सोडत बी न्हाईत," असं आक्का गिऱ्हाइकांना सांगायच्या. "एवढं चिकन माझ्या सुनंनं खाल्लं असतं तर दारात मावली नसती." स्थानिक पेपरात माझ्या अभ्यासाची बातमी आली, तिच्यात दुकानाचं नाव नव्हतं. गावाला त्याची गरजही नव्हती.

हणमंतची बहीण उज्ज्वला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा गलाईच्या धंद्यात, तिकडे तमिळनाडूत सोनं आटवायचं दुकान. आई नव्हती. सिझेरियन झालं, बाळ सुखरूप झालं. मग टाक्यांत पू झाला, ताप चढला, आणि जंतू रक्तात उतरले. तिच्या रक्ताचा नमुना माझ्याच टेबलावर आला होता. तपासणीच्या ताटलीत औषधाच्या गोल चकत्या ठेवतात. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू मरून मोकळं कडं दिसतं. उज्ज्वलाच्या ताटलीत कडं नव्हतं. शेवटचं म्हणून राखून ठेवलेल्या औषधाचीही वेगळी तपासणी केली. त्यातही जंतू वाढला.

त्या सकाळी मी हणमंतला फोन केला होता. "मला कळलंय कुठनं आलं ते," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. मी रिक्षा केली ती म्हणूनच.

आता तो गल्ला ओलांडून आत शिरला. आक्कांनी ओंडक्यावरचा सुरा उचलला.

"हिकडं पाऊल टाकलंस तर कोथळा काढीन, सांगून ठेवते."

"काढ."

त्याने कोयता उगारला. आक्कांनी डावा हात आडवा धरला. कोपराच्या खाली घाव बसला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. आक्का ओरडल्या नाहीत. हातातला सुरा पडला, त्यांनी उजव्या हाताने पिसं सुटायला ठेवलेल्या उकळत्या पाण्यात तांब्या बुडवला आणि त्याच्या तोंडावर मारला. पाणी त्याच्या मानेवर आणि छातीवर पडलं. तो गुरासारखा हंबरला. शर्ट ओढून काढताना त्याच्या खांद्याची कातडी शर्टाबरोबर आली. तरी कोयता सुटला नाही. आक्का मागे सरकताना रक्तावर घसरल्या आणि पिसं काढायच्या मशीनला टेकून खाली बसल्या. तो त्यांच्यावर वाकला. या खेपेला त्याने मान धरून नेम घेतला होता.

माझा आवाज लहान आहे. वर्गात मागच्या बाकांना ऐकू जात नाही अशी तक्रार असायची. मी दोघांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "हणमंत, तुमच्या पक्ष्याचा रिपोर्ट आलाय."

कोयता वर थांबला.

"काय?"

"तुमच्या शेडच्या पक्ष्याचा. तुम्ही रोज विचारत होतात. काल संध्याकाळी आला."

त्यानेच तो पक्षी मला दिला होता. हॉस्पिटलच्या जिन्यात माझ्या हातातली पेटी बघून त्याने मला अडवलं होतं. हसतमुख, तेलकट केसांचा भांग पाडलेला, पस्तिशीतला माणूस; कंपनीकडून पिल्लं घेऊन शेडमध्ये कोंबड्या वाढवायचा. "मॅडम, दुकानातलं काय तपासताय? एकदा आमच्या शेडचा पक्षी तपासा. चांगला माल कसा असतोय ते तरी कळंल तुमाला." दुसऱ्या दिवशी स्वच्छ कापलेला, नव्या पिशवीत बांधलेला पक्षी त्याने प्रयोगशाळेत आणून दिला होता. त्यानंतर भेटेल तेव्हा विचारायचा, "पास झाला का आमचा गडी?"

"आत्ता ते कशाला काढताय?" तो म्हणाला.

"उज्ज्वलाच्या रक्तात जो जंतू आहे, तो आक्कांच्या चिकनमध्ये मिळाला नाही. यांच्याकडचे जंतूही काही साधे नाहीत. पण तो नाही. तो तुमच्या पक्ष्यात आहे."

"खोटं."

"दोन्ही जंतू मी एकाच दिवशी, शेजारी शेजारी ठेवून तपासलेत."

"खोटं बोलताय. हिला वाचवाय बोलताय." कोयता माझ्याकडे वळला. त्याचं टोक माझ्या गळ्यापासून हातभर होतं आणि त्यावरून आक्कांचं रक्त माझ्या चपलेवर ठिबकत होतं. "माझं पक्षी आजारीच पडत न्हाईत. मी पडूच देत न्हाय. पिल्लू आल्यापासनं रोज पाण्यातनं औषध देतो. सगळ्या पंचक्रोशीत माझी मर कमी हाय, कंपनीच्या सुपरवायझरला इचारा."

"कोणतं औषध?"

त्याने नाव सांगितलं. कोलिस्टिन. शेतकऱ्याच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते, आणि त्याने ते अगदी बरोबर उच्चारलं.

"डॉक्टरांनी उज्ज्वलासाठी शहरातून जे इंजेक्शन मागवलं, ते तुम्हीच आणलंत ना?"

"व्हय."

"त्याचं नाव?"

मला माहीत होतं, त्याला नाव पाठ आहे. वॉर्डातल्या सिस्टरनी मला सांगितलं होतं. बाटली हातात घेऊन तो लेबल वाचत राहिला होता आणि मग कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसला होता. "अवो हे? हे तर आमच्याकडं बादलीत घालतो. लई ताकदीचं हाय. आता उतरतोय बघा ताप." आणि बहिणीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला होता, "उज्जे, आता भ्यायचं न्हाय. हे दादाचं खात्रीचं औषध हाय."

"रोज तेच औषध दिलं," मी म्हणाले, "की जे जंतू त्याने मरतात ते मरून जातात. न मरणारे उरतात. तुमच्या शेडमध्ये तेच उरलेत."

"पन मी कच्चं न्हाय घातलं तिला." त्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "बाळंतिणीला अळणी रस्सा लागतो. आई असती तर तिनं केला असता. मी रोज शिजवून दिला, चांगला तासभर. शिजल्यावर जंतू मरत्यात का न्हाई?"

"मरतात. रश्शातून नाही गेला. पक्षी कुठे कापायचात?"

"शेडातनं जित्ता आणायचो. हॉस्पिटलच्या मागं नातेवाइकांच्या चुली हाईत, तितल्या नळावर."

"मग?"

"मग रस्सा टाकायचा. हात धुवायचा. वर जायाचं."

"साबणाने?"

"पाण्यानं. नळाखाली धरून चांगला धुवायचो मी."

"तिच्या टाक्यांवरची पट्टी सुटली तर?"

"रातपाळीची सिस्टर एकलीच असती. ती तरी कुणाकुणाकडं बघंल?" पुढचे शब्द ऐकायला मला वाकावं लागलं. "मीच बांधायचो."

"मॅडम," खालून आक्का म्हणाल्या, "शाळा मागनं भरवा. माझं रगात चाललंय."

मी गुडघ्यावर बसले, ओढणी काढली आणि त्यांच्या दंडाला घट्ट आवळली. घाव हाडापर्यंत गेला होता. दोन बोटं हलत नव्हती. मी वर पाहिलं तेव्हा हणमंत ओंडक्यापाशी उभा होता. त्याने आपला डावा हात ओंडक्यावर पसरून ठेवला होता, बोटं फाकवून, आणि उजव्या हातात कोयता डोक्याच्या वर गेला होता.

मी काही करायच्या आत आक्कांनी बसल्या जागेवरून त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली. त्याचा नेम चुकला. कोयता मनगटाशेजारी लाकडात रुतला.

"मुडद्या," त्या म्हणाल्या, "माझ्या ओंडक्यावर न्हाय. आधीच एका हाताचं भागलंय हितं."

त्याने कोयता ओढून पाहिला. निघाला नाही. त्याने तो सोडून दिला आणि दोन्ही हात खाली टाकून उभा राहिला.

कोयता त्याच्या हातात नाही हे सायकलच्या दुकानापाशी उभ्या लोकांनी पाहिलं. इतका वेळ एकही माणूस पायरी चढला नव्हता. आता सगळे एकदम चढले. पहिला फटका वजनाच्या मापाचा होता. तो त्याच्या कानामागे बसला. मग त्याला भाजलेल्या खांद्याला धरून रस्त्यावर ओढलं. तिथे पिंजऱ्याच्या सळया होत्या, सायकलची चेन होती, चपला होत्या. पांढऱ्या शर्टाचा माणूस त्याच्या पोटात लाथा घालत होता आणि प्रत्येक लाथेला "बाईमाणसावर हात उचलतो?" असं विचारत होता. हणमंतने एकदाही हात वर केला नाही, डोकं झाकायलाही नाही. त्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं. मी ओरडत होते. माझ्या ओरडण्याचा काही उपयोग झाला नाही. पोलीस आले तेव्हा त्याचा एक डोळा मिटलेला होता, तो नंतर कधी उघडला नाही.

त्याला उचलताना मी त्याच्या कानाशी वाकले.

"हणमंत, हा कोयता कशाला वापरता?"

त्याला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"पक्षी कापाय," तो म्हणाला. "शेडातला हाय."

मी हे आजवर अनेकदा स्वतःशी तपासून पाहिलं आहे. एकच जंतू दोन ठिकाणी सापडला म्हणजे तो एकीकडून दुसरीकडे गेलाच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. उज्ज्वलाच्या बाबतीत अजूनही सांगणार नाही. पण आक्कांच्या बाबतीत मी स्वतः समोर होते.

अपघात विभागात तरुण डॉक्टर सुई-दोरा घेऊन बसले होते. मी म्हटलं, "शिवू नका. नुसती धुवा, पुष्कळ धुवा, आणि उघडी ठेवा." ते माझ्याकडे, मग माझ्या रक्ताने माखलेल्या ड्रेसकडे बघत राहिले. आक्का म्हणाल्या, "ऐका त्यांचं. त्या मेलेल्या कोंबडीला बी सोडत न्हाईत." त्यांनी जखम धुतली, उघडी ठेवली. तरीही ती काळी पडली. मी घेतलेल्या नमुन्यात जे वाढलं त्याच्याभोवती कडं नव्हतं. हात आधी कोपरातून काढायचं ठरलं, मग शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो खांद्याजवळून काढावा लागला. त्यामुळे आक्का वाचल्या.

एकाच जंतूचे रुग्ण इतरांपासून दूर, एका खोलीत ठेवायचे, अशी पद्धत आहे. हॉस्पिटलात तशी खोली एकच होती. म्हणून इंदूआक्का आणि उज्ज्वला शेजारी शेजारी आल्या. हणमंत खालच्या मजल्यावर, पोलिसाच्या पहाऱ्यात होता. उज्ज्वलाला कुणी काही सांगितलं नव्हतं. दादा शेडातली पक्ष्यांची बॅच भरून द्यायला गेलाय, कंपनीची गाडी आलीय, एवढंच तिला ठाऊक होतं.

ती गेली त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलं, भावाला भेटवायचं असेल तर आज भेटवा. पोलीस त्याला वर घेऊन आला. मी नमुने घ्यायला खोलीत गेले होते, तोंडाला मास्क, अंगात गाऊन. दाराच्या काचेतून पलीकडचं बेसिन दिसत होतं.

उज्ज्वलाची त्या दिवशी शुद्ध चांगली होती. ओठ फुटले होते, पण बोलत होती.

"आक्का, हात कशानं गेला तुमचा?"

"मशिनमदी," आक्का म्हणाल्या.

"लई दुखतंय?"

"दुखत न्हाई. त्या बोटास्नी खाज सुटती. आता ती कुठं जाऊन खाजवू?"

उज्ज्वला हसली. हसताना तिला धाप लागली. मी तिची उशी वर केली.

"माझा दादा येऊ दे," ती म्हणाली. "तुमाला बी रस्सा करून आणाय लावते. हाताला चव हाय त्याच्या."

आक्का काचेतून बाहेर बघत होत्या. बेसिनपाशी हणमंत उभा होता. डोक्याला पट्टी, एक डोळा बंद, ओठ शिवलेला. वॉर्डाच्या सिस्टरनी त्याला दाखवलं होतं तसा तो साबण कोपरापर्यंत लावत होता, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. पाणी ओतून घेतलं. हात पुसायला कागद घेतला. दोन्ही तळवे समोर धरून पाहिले. मग कागद टाकून दिला आणि पुन्हा साबण घेतला.

"चल की लेका," पोलीस म्हणाला. "झालं की आता."

त्याने पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. हातांची कातडी लाल झाली होती. मी दार किलकिलं करून म्हटलं, "हणमंत, पुरे. या आत. गाऊन घाला आणि या." त्याने मान हलवली आणि नळाखाली हात धरला.

"दादा आला का?" उज्ज्वलाने विचारलं. तिला पलंगावरून दार दिसत नव्हतं.

मी आक्कांकडे पाहिलं. त्यांचा उरलेला हात चादरीवर मूठ वळून पडला होता. त्यांना दोन शब्दांत सगळं सांगता आलं असतं आणि त्यांना कोणी दोष दिला नसता.

"आलाय," आक्का म्हणाल्या. "हात धुतोय."

उज्ज्वलाने डोळे मिटले.

"धुवू दे," ती म्हणाली. "लहानपणापासनं लई टापटिपीचा हाय त्यो."